गेटरिअलपाथचा सल्ला संशोधनात का चालत नाही

जावा वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये फाइल सापडत नसली की एक सल्ला हमखास मिळतो: सर्व्हलेट कॉन्टेक्स्टचं ‘गेटरिअलपाथ’ वापरा. ट्युटोरियलमध्ये तोच, सीनियरकडूनही तोच. पीएचडीसाठी एखादं टूल बांधणार असाल, तर माझ्या मते हा सल्ला बाजूलाच ठेवा.

सल्ला लोकप्रिय का, ते उघड आहे. लॅपटॉपवर चालतो! टॉमकॅट वॉर फाइल मुळातच उलगडून ठेवतो, त्यामुळे डिस्कवरचा खरा पत्ता मिळतो. पण या मेथडच्या अधिकृत वर्णनातच लिहिलंय की वॉरमधूनच फाइल पुरवली जात असेल तर उत्तर ‘नल’ येऊ शकतं. सर्व्हर बदलला किंवा वॉर न उलगडण्याची सेटिंग केली, की संपलं.

‘नल’ आलं तर निदान कळतं तरी. पत्ता मिळाला तर जास्त धोका, कारण तो डिप्लॉयमेंटच्या फोल्डरमधला असतो. समजा, केज तालुक्यातल्या महसूल मंडळांच्या पावसाच्या नोंदी अपलोड करून घेणारं टूल आहे आणि फाइली तिथेच साठतायत. तुम्ही एक बटण दुरुस्त करून नवी वॉर टाकता. टॉमकॅट जुनं उलगडलेलं फोल्डर काढून नवं तयार करतो. नोंदी गेल्या, आणि एररही नाही.

‘मग रिलेटिव्ह पाथ देऊ’ हेही काही खरं नाही. जावा तो पाथ अ‍ॅप्लिकेशनपासून मोजत नाही, प्रोसेस जिथून सुरू झाली तिथून मोजतं. एक्लिप्समध्ये ती जागा एक, सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या टॉमकॅटमध्ये दुसरी.

आधी विचारायला हवं ते हे: फाइल कोणाची? अ‍ॅप्लिकेशनसोबत येणारी असेल तर पत्ता मागूच नका, ‘गेटरिसोर्सअ‍ॅजस्ट्रीम’ने सरळ वाचा. संशोधनाचा डेटा असेल तर तो वॉरच्या बाहेर ठेवा, फोल्डरचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्या, आणि फोल्डर नसेल किंवा तिथे लिहिता येत नसेल तर अ‍ॅप्लिकेशन सुरूच होऊ देऊ नका.

आता आपल्या भाषेचा मुद्दा, जो इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सहसा नसतोच. २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून डिफॉल्ट एन्कोडिंग यूटीएफ-८ झालं, म्हणून प्रश्न मिटला असं अनेकांना वाटतं. ते फाइलच्या आतल्या मजकुरापुरतं. फाइलच्या नावाचं एन्कोडिंग अजूनही ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोकेलवर ठरतं. लिनक्स सर्व्हरवर लोकेल नुसतं ‘सी’ असेल, तर ‘केज’ नावाच्या फाइलचा पाथ बनवतानाच एक्सेप्शन येऊ शकतं.

त्याहून फसवा आहे ‘ऱ’. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: ०९३१ हा एकच संकेत, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता असे दोन. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं फोडून, म्हणजे दुसऱ्या प्रकारे साठवते. तिथली ‘दुसऱ्या फेरीच्या नोंदी’ ही फाइल लिनक्सवर आणली, तर स्क्रीनवर नाव तेच दिसतं. पण कोडमध्ये एकसंध ‘ऱ’ असेल तर जावा म्हणतं, अशी फाइलच नाही. तासन्‌तास पाथ तपासा, चूक दिसणार नाही. जावाच्या नॉर्मलायझर क्लासने नाव एनएफसी रूपात आणलं की तुलना जुळते, पण डिस्कवरचं नावही त्याच रूपात बदलायला हवं.

चांगला नमुना हवा असेल तर डीस्पेस बघा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं शोधगंगा, जिथे आपले प्रबंध जातात, ते याच जावा सॉफ्टवेअरवर उभं आहे. डीस्पेसचं मुख्य फोल्डर कॉन्फिगरेशनमध्ये एकदाच सांगायचं. त्याच्या नेहमीच्या रचनेत अपलोड झालेली फाइल ‘अ‍ॅसेटस्टोअर’मध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाने जाते, मूळ नाव, मराठी असो की आणखी कुठलं, डेटाबेसमध्ये राहतं. लोकेल काय, ‘ऱ’ काय, डिस्कचा नावाशी संबंधच उरत नाही. शिवाय अपलोड करणाऱ्याने नावात ‘दोन टिंबं आणि स्लॅश’ घालून बाहेरच्या फोल्डरमध्ये शिरण्याची वाटही बंद.

यात एक गैरसोय आहेच. डेटाबेस हरवला तर उरतात फक्त आकडे, कुठली फाइल कोणत्या मंडळाची हे सांगता येत नाही. म्हणून बॅकअप घेताना डेटाबेस आणि फोल्डर दोन्हींचा एकाच वेळी घ्या.