काळजी करणारी आई आपल्या वाङ्मयात कुठे आहे?

शाळेत सहामाही परीक्षेला निबंधाचा एक विषय ठरल्यासारखा असतो : ‘माझी आई’. मी इतकी वर्षे हे निबंध तपासत आले आहे. ‘आई म्हणजे वात्सल्याचा सागर’, ‘आई म्हणजे घरातील नंदादीप’ अशी वाक्ये आली की माझी तांबडी पेन्सिल आपोआप खूश होते. गेल्या साली एका मुलाने लिहिले होते, ‘माझी आई रात्री उठून माझ्या नाकाशी बोट धरते आणि श्वास चालू आहे का ते पाहते. मी शाळेतून उशिरा आलो तर तिचे हात गार पडतात. तिला फार भीती वाटते.’ मी त्या तीन वाक्यांखाली रेघ मारली आणि समासात लिहिले, ‘विषयाला सोडून.’ दहापैकी चार गुण दिले.

त्याच आठवड्यात माझी मुलगी शिकवणीहून पाऊण तास उशिरा आली. पाऊस होता, बस बंद पडली होती, एवढेच. पण त्या पाऊण तासात मी गॅलरीत आणि जिन्यात किती खेपा घातल्या ते माझे मलाच ठाऊक. तिला पाहिल्यावर मी तिला जवळ घेतले नाही, तिच्यावर ओरडले. नंतर स्वयंपाकघरात जाऊन उगीचच कोथिंबीर निवडत बसले. तेव्हा त्या मुलाचा निबंध आठवला. विषयाला सोडून तो नव्हता, मी होते.

मी काही विद्वान टीकाकार नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढचे सारे वाचनावर. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या आया सहनशील आणि हसतमुख आहेत. त्यांतली एकही कधी जिन्यात खेपा घालत नाही. असे का झाले, हे शोधण्यासाठी मी पुन्हा आपल्या वाङ्मयातील आईकडे वळले. जे दिसले ते वाचकांपुढे ठेवते.

पहिली गोष्ट ही की, आपल्या आवडत्या आया बहुतेक मुलांनी सांगितलेल्या आहेत, आणि त्याही आई गेल्यानंतर. माधव ज्यूलियनांची आईवरची कविता घ्या किंवा यशवंतांची ‘आई’ घ्या. दोन्ही कवितांतील हाक पोरक्या मुलाची आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली; तीही दिवंगत आईची आठवण आहे. पोरके मूल आईला आठवते तेव्हा त्याला तिचा हात आठवतो, तिचा शब्द आठवतो. तो हात कापत होता काय, हे त्याला कसे आठवणार? आपले मातृवाङ्मय थोर आहे, पण ते पोरक्याचे वाङ्मय आहे. त्यात आईची मूर्ती आहे; आईचे मन बाहेरूनच पाहिलेले आहे.

ह्याचे उत्तम उदाहरण श्यामच्या पोहण्याचे. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीवर पाठवते. मागाहून त्याच मारलेल्या अंगावरून हात फिरवते आणि आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून आपण असे केले, हे त्याला समजावते. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली ह्या पुस्तकावर बोलपट काढला, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तेव्हापासून हा प्रसंग घरोघरी पोचला आहे. आम्ही शिक्षक त्यातून ‘आईची शिस्त’ असा बोध काढतो. पण आता मला त्यात दुसरेच दिसते. ह्या बाईला दोन भित्या आहेत. एक, मूल बुडेल ही; दुसरी, मूल जन्मभर भित्रे राहील ही. तिने दोन्ही तोलल्या आणि दुसरी जड मानली. काळजी नसलेली बाई एवढी निष्ठुर होऊच शकत नाही. मात्र श्याम पाण्यात असताना त्या माउलीचे काय झाले असेल, ते पुस्तक सांगू शकत नाही. कारण सांगणारा पाण्यात होता. गुरुजींचा हा दोष नव्हे. मुलाच्या डोळ्यांना तेवढेच दिसते. दोष आमचा, की आम्ही तेवढ्यालाच संपूर्ण आई समजलो.

हिरकणीच्या कथेचेही तेच. कोजागिरीला रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हे मूल म्हणून ती गवळण अवघड कडा उतरून गेली, अशी ती आख्यायिका. राजांनी तिथे बुरूज बांधला, आपण धडा बांधला, २०१९ साली चित्रपटही आला. बुरूज कड्याचा बांधता येतो. तिच्या छातीतील धडधडीचा कसा बांधणार? आणि माझ्यासारखीला आणखी एक शंका येते. दुसऱ्या दिवशी काय झाले? दूध तर रोजच विकायचे होते. मूल पाळण्यात ठेवून ती पुन्हा गड चढली असेल, तेव्हा पायरीगणिक तिने मागे वळून पाहिले असेल की नाही? कडा एकदा उतरण्यापेक्षा रोज गड चढणे अवघड. काळजी ही कोजागिरीची गोष्ट नाही, ती रोजची आहे. म्हणून तिची आख्यायिका होत नाही.

मग आई स्वतः बोलू लागली की काय सांगते? ह्या प्रश्नाला आपल्याकडचे सर्वांत खणखणीत उत्तर म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून भागाभागांनी आलेल्या ह्या ग्रंथाचे कौतुक त्यातील विनोदासाठी होते, आणि ते रास्तच आहे. पण तो विनोद कशावर उभा आहे ते पाहावे. सत्तावन्नच्या बंडात जवळच्या नात्यातील माणसाला फाशी झाली, त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, शिवाशिवीचा सारखा धाक. आज आपण ह्याला काळजीचा आजार म्हणू. मोठ्या माणसाच्या भीतीखाली मुलांचे बालपण कसे चेंगरते, हे लक्ष्मीबाईंनी लहानपणीच भोगले होते. पुढे १८९५ साली पतीने धर्म बदलला. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधली वर्षे पदरी लहान मूल आणि पायाखाली नातलगांची जमीन, अशी गेली. ह्या बाईला काळजी करायला कारणे कमी होती काय? पण ती आपल्या भीतीकडे थोडी दूर उभी राहून पाहते आणि हसते. भीती नाकारत नाही. तिला नाव देते, तिची गंमत सांगते. वडिलांची भीती मुलीने पुढच्या पिढीला दिली नाही, गोष्ट करून दिली. मला हा ग्रंथ त्यासाठी मोठा वाटतो.

तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हे हसणे बऱ्याच वर्षांनंतरचे आहे. मूल मोठे झाले, सुखरूप राहिले. मग हसता आले. ऐन रात्री, मूल तापाने फणफणत असताना, कोण हसेल? त्या घटकेचे वाङ्मय कुठे आहे?

ते आहे, पण आपण त्याला बरीच वर्षे वाङ्मय म्हणत नव्हतो. ते जात्यावर होते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवून ठेवल्या आहेत. लेक सासरी गेली, लेक परगावी गेला, त्याची खबर नाही, ही काळजी त्या ओव्यांतून पुनःपुन्हा येते. त्यात तत्त्वज्ञान सांगण्याचा आव नाही. पण व्यवस्था पाहा. वेळ पहाटेची, म्हणजे काळजी सर्वांत जास्त छळते ती. हात खुंट्याला, म्हणजे ते कापायला मोकळे नाहीत. समोर बहुधा दुसरी बाई, म्हणजे ऐकणारे कोणी आहे. आणि दळण संपले की गाणे संपले. काळजीलाही एक पायली-दोन पायलीचे माप. बहिणाबाई चौधरींनी तर ह्याच कामाच्या लयीत मनावर कविता रचली आणि मनाला पिकात शिरणाऱ्या गुराची उपमा दिली. ऐन तिशीत वैधव्य आलेल्या, मुलेबाळे पदरी असलेल्या शेतकरी बाईची ती उपमा आहे. गुराला मारून टाकत नाहीत. वळवून आणतात, आणि ते पुन्हा जाणार हे धरून चालतात. काळजीशी कसे राहावे, याविषयी ह्याहून शहाणे मराठीत मी वाचलेले नाही.

जाते गेले, ते जावेच. त्या कष्टांचे मला कौतुक नाही. पण जात्याबरोबर समोरची बाईही गेली. आजची आई तीन खोल्यांत एकटी आहे, आणि हातात खुंट्याऐवजी मोबाईल आहे. तो तिला दर घटकेला नवी भीती दळून देतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की विकसनशील देशांत बाळंतपणानंतर शंभरातल्या सुमारे वीस बायकांना मनाचा आजार, मुख्यतः उदासी, जडतो. म्हणजे प्रत्येक चाळीत, प्रत्येक वाड्यात कोणीतरी आहे. काळजीने झोप आणि अन्न तुटले, तर ताप आल्यावर जसे डॉक्टरकडे जातो तसे जावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. विलायतेत डोनाल्ड विनिकॉट नावाचे एक बालरोगतज्ज्ञ होऊन गेले. मुलाला परिपूर्ण आई लागत नाही, पुरेशी चांगली आई लागते, असे ते म्हणत. किती साधे वाक्य! पण आपल्या धड्यांनी आणि कवितांनी आईला परिपूर्णतेच्या अशा उंच चौरंगावर बसवले आहे की तिथून खाली उतरायलाही हिरकणीचेच धैर्य हवे.

लेखकांना, म्हणजे आधी मला स्वतःला, माझे एवढेच सांगणे आहे : आईची पूजा पुष्कळ झाली, आता तिची विचारपूस करावी. एक आई जिन्यात उभी आहे, मूल अजून आलेले नाही, ह्या पाऊण तासाची कथा लिहावी. आणि मूल सुखरूप येते तेवढ्यावर ती संपवू नये. ती ओरडली का, मग कोथिंबीर का निवडत बसली, तेही सांगावे. पोरक्या मुलाच्या अश्रूंना जे स्थान आपण दिले, त्यातला थोडा कोपरा जिवंत आईच्या भीतीलाही द्यावा.

आणि वाचकहो, नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातली जी बाई सर्वांच्या आधी उठून पाणी तापवते, उटणे कालवते आणि फटाक्यांचा पहिला आवाज झाला की दाराकडे धावते, तिला ह्या दिवाळीत ‘उगीच काळजी करतेस’ असे म्हणू नका. ‘कसली काळजी वाटते?’ असे विचारा आणि उत्तर पुरते होईपर्यंत तिच्याजवळ बसा. जात्यासमोरची ती दुसरी जागा रिकामी आहे. तिथे नवऱ्याने बसले तरी चालते, मुलानेही बसले तरी चालते.

त्या मुलाची वही मी परत मागवली. समासातील शेरा खोडला. दहापैकी नऊ केले. एक गुण ऱ्हस्व-दीर्घाचा कापला. तेवढी शिक्षिका मी अजून आहे.