मूळ अवयव आणि बदली अवयव : कार्ल्याचा दाखला व जुनी संगणकयंत्रे

जुनी संगणकयंत्रे चालू स्थितीत राखताना त्यांत मूळ भागच ठेवावेत, की आजच्या बनावटीचे भाग बसवावेत, हा वाद वरवर तांत्रिक वाटला तरी तो मुळात प्रामाण्याचा वाद आहे. मूळ भागांच्या कैवाऱ्यांना प्राचीन वास्तूंचा दाखला सहज सुचतो, आणि मावळात तो हाताशीच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील छताच्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. उलट भाजे येथील चैत्यगृहाचे दर्शनी लाकूडकाम नष्ट झाले असून खडकातील खाचांवरूनच त्याचे अनुमान करावे लागते. कार्ल्यात जे प्रत्यक्ष आहे, ते भाज्यात केवळ तर्कगम्य उरले आहे. तेव्हा मूळ द्रव्य गेले की पुरावा गेला, असा हा युक्तिवाद होय.

युक्तिवाद आकर्षक असला तरी दृष्टांत सदोष आहे. कार्ल्याच्या फासळ्यांवर छताचा भार नाही. खडक स्वतःच्याच बळावर उभा आहे. फासळ्या पूर्वीच्या काष्ठवास्तूची आठवण जपतात, एवढेच. यंत्रातील कपॅसिटरची गोष्ट निराळी. तो काम करतो आणि म्हणूनच झिजतो. त्यातील द्रव कालांतराने सुकतो किंवा गळतो, व गळलेला द्रव शेजारचे तांब्याचे मार्ग खाऊन टाकतो. घड्याळासाठी बसवलेली जुनी बॅटरीही तेच करते. अशा वेळी एका मूळ भागाचा आग्रह इतर मूळ भागांच्या नाशास कारण होतो. यंत्र न चालवता नुसते ठेवून दिले, तरी लोणावळ्यासारख्या अतिवृष्टीच्या ठिकाणी दमट हवा धातूच्या जोडांना गंज आणणारच.

मात्र यावरून ‘चालते म्हणजे पुरे’ हा प्रतिपक्ष सिद्ध होत नाही. इंग्लंडात ब्लेचली पार्क येथील संगणक संग्रहालयात दोन यंत्रे आहेत. हार्वेलचे डेकाट्रॉन यंत्र 1951 साली कार्यरत झाले व 2012 मध्ये, बहुतांशी मूळ भागांसह, पुन्हा सुरू करण्यात आले. कोलोसस मात्र 2007 मध्ये पूर्ण झालेली पुनर्रचना आहे, कारण मूळ यंत्रांपैकी एकही शाबूत उरले नव्हते. दोन्ही यंत्रे ‘चालतात’. परंतु पहिले यंत्र आपल्या काळाची साक्ष देते, तर दुसरे त्या काळाविषयीचे आपले ज्ञान पडताळून पाहते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली कार्यान्वित झालेला टिफ्रॅक उद्या कोणी नव्याने उभारला, तर त्याची गणनाही दुसऱ्याच वर्गात करावी लागेल.

‘जीर्णोद्धार’ हा आपला शब्द येथे घोटाळा वाढवतो. जुने सावरणे आणि जुन्याच्या जागी नवे उभारणे, या दोन्ही क्रिया तो एकाच नावाखाली घेतो. येथे वास्तुशास्त्रापेक्षा पाठचिकित्सा अधिक उपयोगी पडते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1966 मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत अनिश्चित पाठाखाली नागमोडी रेषा दिली आहे आणि पाठभेद तळटीपांत नोंदले आहेत. संपादक निर्णय घेतो, पण तो लपवत नाही.

हाच दंडक यंत्रांना लावता येईल. झिजणारा भाग अवश्य बदलावा, परंतु बदल ओळखता यावा, परतवता यावा आणि काढलेला भाग नोंदीसह जपावा. स्मृतिचकतीत कोरलेली आज्ञावली काळाच्या ओघात पुसट होऊ शकते. म्हणून दुरुस्तीपूर्वीच तिची प्रत करावी. जुन्या पेटीत आजचे मंडल बसवून मूळ यंत्राचे वर्तन केवळ अनुकरणाने घडवले, तर ते संपादन नव्हे. तो अनुवाद होय. अनुवादही आदरणीय असतो. मात्र त्यावर मूळ संहितेचे नाव छापले, तर पुढील अभ्यासक त्या यंत्राच्या वेगावरून, उष्णतेवरून आणि चुकांवरून जे निष्कर्ष काढील, ते जुन्या यंत्राविषयीचे नसून आजच्या मंडलाविषयीचे असतील.