ट्रेडमिलवरची कोळंबी आणि वजन घटवणारं चॉकलेट

मागच्या महिन्यात एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या मामांनी विचारलं, "पीएचडी कशावर करतेस?" मी म्हटलं, "गोगलगायींवर." मामांनी जिलेबी मोडली आणि पलीकडच्या गृहस्थांना म्हणाले, "ऐकलंत का, आता गोगलगायी मोजायलाही सरकार पैसे देतं!" सगळे हसले. मीही हसले. विषय तिथेच संपला.

घरी येताना मात्र तो डोक्यातून जाईना. मामा दुष्ट नाहीत. ते रोज पेपर वाचतात, आणि पेपरात संशोधन त्यांना भेटतं ते बहुतेक एका कोपऱ्यातल्या चौकटीत. 'जरा हटके', 'ऐकावे ते नवलच' अशा नावाची ती चौकट तुम्हीही वाचता, मीही वाचते, आवडीने वाचते. आज मला या चौकटीबद्दल तक्रार करायची आहे, कारण तुमच्यापैकी बरेच जण सध्या विषय शोधत आहेत आणि 'लोक हसतील' ही भीती विषय निवडताना फार काम करते.

माझी तक्रार अशी: ही चौकट दोन अगदी उलट चुका करते. चांगल्या संशोधनाला हसते आणि वाईट संशोधनावर विश्वास ठेवते. दोन्ही चुकांचं कारण एकच आहे. दोन खऱ्या गोष्टी बघू.

पहिली गोष्ट: कोळंबी

पाण्याखालच्या छोट्याशा ट्रेडमिलवर एक कोळंबी धावते आहे, असा व्हिडिओ तुम्ही कदाचित पाहिला असेल. लोकांनी त्याला वेगवेगळी गाणी लावून तो जगभर फिरवला. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पॅसिफिक युनिव्हर्सिटीतले सागरी जीवशास्त्रज्ञ डेव्हिड श्कोल्निक यांच्या कामातला तो तुकडा. 2011 मध्ये सिनेटर टॉम कोबर्न यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या उधळपट्टीवर एक अहवाल काढला, त्यात ही कोळंबी होती. कोळंबीला व्यायाम करायला लावण्यासाठी पाच लाख डॉलरहून अधिक खर्च, असा त्याचा अर्थ लोकांपर्यंत पोहोचला. फिरता फिरता हा आकडा तीस लाखांपर्यंत गेला.

आता यातून काय गळलं ते बघा. कोळंबीला जिवाणूंचा संसर्ग झाला की तिच्या रक्तपेशी जिवाणूंना धरून गुठळ्या करतात. या गुठळ्या कल्ल्यांमध्ये अडकतात, म्हणजे जिथून प्राणवायू आत घ्यायचा तिथेच अडथळा तयार होतो. त्यात पाण्यातला प्राणवायू आधीच कमी असेल तर? स्वस्थ बसलेली कोळंबी निभावून नेईल, पण भक्ष्य शोधणाऱ्या किंवा शत्रूपासून पळणाऱ्या कोळंबीचं काय? आजारी जनावराची ताकद किती घटते हे मोजायचं तर त्याला ठरावीक वेगाने, ठरावीक वेळ हालचाल करायला लावायला हवी. माणसाची हृदयाची 'स्ट्रेस टेस्ट' करताना डॉक्टर हेच करतात. तिथे आपण हसत नाही.

शिवाय ही कोळंबी म्हणजे व्हॅनामी. आपल्याकडे पालघर-रायगडपासून आंध्रपर्यंत तळ्यांमध्ये जी वाढवतात तीच जात. रोग पसरला की तळंच्या तळं हातचं जातं, हे तिथल्या कुणालाही विचारा.

आणि ट्रेडमिल? श्कोल्निक यांनी 2014 मध्ये लेख लिहून सांगितलं की त्यांनी ती सुट्या भागांतून स्वतः बनवली होती आणि खर्च आला होता 47 डॉलर, तोही स्वतःच्या खिशातून. बाकीचा पैसा कोळंबीच्या जॉगिंगवर नव्हे, तर सागरी प्राण्यांच्या रोगप्रतिकारशक्तीवरच्या मोठ्या कामासाठी होता.

सरकारी पैसा कुठे जातो हे विचारायचा लोकांना पूर्ण हक्क आहे. माझा आक्षेप त्यावर नाही. माझा आक्षेप असा, की उत्तर तपासायचं तर आधी संशोधकाचा प्रश्न माहीत हवा, आणि बातमीने नेमका तोच काढून टाकला. उरलं फक्त उपकरण. कुठल्याही प्रयोगातून प्रश्न काढून घ्या, उपकरण वेडपटच दिसेल. पीसीआर मशीनचं वर्णन 'लाळ तापवायचं-थंड करायचं यंत्र' असं करून बघा.

दुसरी गोष्ट: चॉकलेट

2015 साली मी एफवायबीएस्सीला होते. 'चॉकलेट खा, वजन लवकर घटवा' अशी बातमी मी आईला मोठ्याने वाचून दाखवली आणि त्याच संध्याकाळी डार्क चॉकलेट आणलं. ही कबुली मुद्दाम देते, म्हणजे पुढचं वाचताना मी शहाणपणा शिकवते आहे असं वाटायला नको.

ते संशोधन हा एक सापळा होता. जॉन बोहॅनन हे पत्रकार आणि दोन जर्मन माहितीपटकार यांनी तो रचला होता. प्रयोग खरोखर केला होता, आकडे खोटे नव्हते. आहारात कर्बोदकं कमी केलेला एक गट, तोच आहार अधिक रोज 42 ग्रॅम डार्क चॉकलेट घेणारा दुसरा, आणि नेहमीसारखं खाणारा तिसरा. तीन आठवडे. शेवटी हिशेबात धरलेली माणसं एकूण 15. चॉकलेटवाल्यांचं वजन दहा टक्के जास्त वेगाने घटलं, आणि फरक सांख्यिकीदृष्ट्या 'लक्षणीय' निघाला.

मग गोम कुठे होती? प्रत्येक माणसाच्या 18 गोष्टी मोजल्या होत्या: वजन, कोलेस्टेरॉल, झोप, सोडियम वगैरे. आता 0.05 ही पी-व्हॅल्यूची मर्यादा घ्या. काहीही परिणाम नसताना एका मोजमापात निव्वळ योगायोगाने 'लक्षणीय' फरक दिसण्याची शक्यता 5 टक्के. मोजमापं एकमेकांपासून स्वतंत्र धरली, तर 18 पैकी निदान एकात तसं दिसण्याची शक्यता 0.95 चा 18 वा घात एकातून वजा करून मिळते. कॅल्क्युलेटरवर करून बघा, जवळजवळ 60 टक्के येते. म्हणजे 18 तिकिटं काढायची आणि ज्याला बक्षीस लागेल तेवढंच दाखवायचं. इथे वजनाला लागलं. झोपेला लागलं असतं तर बातमी 'चॉकलेट खा, शांत झोपा' अशी झाली असती.

आणखी एक साधा हिशेब. दोन्ही आहारगटांचं वजन साधारण सव्वादोन किलो घटलं होतं. त्याच्या दहा टक्के म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. एक ग्लास पाणी पिऊन वजनकाट्यावर उभे राहा, एवढा फरक पडेल.

पैसे घेऊन छापणाऱ्या एका नियतकालिकाने हा शोधनिबंध एका दिवसात स्वीकारला. जर्मनीच्या 'बिल्ड'ने तो पहिल्या पानावर घेतला, मग बातमी भारतापर्यंत आली. बोहॅनन यांच्या सांगण्यानुसार प्रयोगात माणसं किती होती हे जवळजवळ कुणी विचारलं नाही. बोहॅननवरही टीका झाली आणि ती मला पटते. भाग घेणाऱ्यांना माहितीपटाबद्दल सांगितलं होतं, खऱ्या हेतूबद्दल नाही. इतरांची बेफिकिरी दाखवण्यासाठी स्वतः नैतिक मंजुरीला बगल देणं मला बरोबर वाटत नाही.

दोन्हीत काय सारखं

कोळंबीच्या बातमीतून 'प्रश्न' गळला, चॉकलेटच्या बातमीतून 'पद्धत' गळली. दोन्हीकडे उरला तो निव्वळ निष्कर्ष किंवा निव्वळ दृश्य. मग वाचक त्याच्याकडे बघून एवढंच ठरवू शकतो, की हे मला आवडलं की नाही. चॉकलेट आवडलं म्हणून खरं. ट्रेडमिल हास्यास्पद वाटली म्हणून फालतू.

नवलाची बातमी चांगलीही होऊ शकते. जून 2020 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, आठवतं? शेवाळामुळे असेल, असाही एक तर्क होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले. खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य बनवणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव त्यात भरपूर सापडले. मला सगळ्यात आवडला तो एक बारीक तपशील: नमुना स्थिर ठेवल्यावर सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला नव्हता, तो पाण्यातल्या जिवांचा होता. हे एक वाक्य वाचलं की नवल कमी होत नाही, उलट वाढतं. ज्या बातम्यांनी हे वाक्य छापलं त्यांनी वाचकाला पद्धतीचा एक तुकडा हातात दिला.

तुमच्यासाठी गृहपाठ

पुढचा आठवडाभर रोज एक 'हटके' बातमी कापून वहीत चिकटवा आणि खाली चार ओळी लिहा. संशोधकाचा मूळ प्रश्न काय असावा? किती जणांवर, कशाशी तुलना करून काम झालं? एकूण किती गोष्टी मोजल्या, आणि सांगितल्या किती? हे कारण खोटं असतं तर काय दिसलं असतं? मूळ शोधनिबंध मिळाला तर उत्तरं ताडून बघा. पेटच्या मुलाखतीत शोधनिबंधाची चिकित्सा करायला सांगतात, तेव्हा याहून वेगळं काही अपेक्षित नसतं.

मग पाचवी ओळ स्वतःच्या विषयाबद्दल लिहा. विषय सांगताना प्राण्याचं किंवा उपकरणाचं नाव आधी येतं की प्रश्न? माझी चूक तिथेच झाली होती. मी 'गोगलगायींवर' म्हणाले आणि थांबले. बातमी जे करते तेच मी स्वतःच्या कामाचं केलं.

परवा मामांना फोन केला. म्हटलं, तुमच्या म्हशींना यकृतातल्या जंतांचं औषध देता ना, त्या जंतांची पिल्लं आधी ओढ्यातल्या गोगलगायीच्या अंगात वाढतात. गोगलगायी कुठे आणि कधी वाढतात ते कळलं, तर जनावरांना कुठल्या पाणवठ्यावर कधी नेऊ नये हे सांगता येईल. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग मामा म्हणाले, "मग हे त्या दिवशी पंगतीतच सांगायचं ना! आणि आमच्या ओढ्यावर कधी येतेस?"