नाईकांच्या वाड्यातील भय

झी मराठीवर २०१६ साली सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’च्या आरंभीच्या भागाचे बळ भुतात नाही, घरात आहे. अण्णा नाईकांच्या निधनानंतर कोकणातल्या वाड्यात जमलेली माणसे शोकापेक्षा परस्परांवर अधिक नजर ठेवतात. वाटणीचे भय पिशाच्चाच्या आधी उंबरठा ओलांडते. आकेरीतील चित्रीकरण, मालवणी बोली आणि विसरभोळा पांडू यांमुळे हे भय घरगुती होते. दिग्दर्शनाचा मात्र या वातावरणावर पुरता विश्वास नाही. पार्श्वसंगीत प्रेक्षकाला आधीच दचकण्याची आज्ञा देते. नीलिमेची विवेकी शंका हा सर्वांत सकस धागा, (नारायण धारपांनी तो पणाला लावला असता!) येथे तिच्या प्रश्नांना युक्तिवादाऐवजी पुढचा चमत्कारच उत्तर देतो.