ग्रंथामागचे हात

पुस्तक कोणाचे, असे कोणी विचारले तर आपण चटकन लेखकाचे नाव घेतो. खानदेशातील दोन ग्रंथांकडे पाहिले, की हे उत्तर अपुरे असल्याचे ध्यानी येते. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आपल्याला लाभला. जळगावच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर. सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी त्यांची गाणी टिपून ठेवली नसती, तर 1952 साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झालीच नसती.

या लेखनिकांची मराठी समीक्षेने कृतज्ञतेने नोंद घेतली आहे. परंतु त्यांच्यानंतर ग्रंथ ज्यांच्या हातांतून जातो, ते अक्षरजुळणी करणारे, बांधणी कामगार, गठ्ठे वाहणारे हमाल, दुकानातील नोकर यांच्याविषयी ती मौन पाळते. सुकाळात हे मौन खपून जाते. आर्थिक संकटात मात्र तो अन्याय ठरतो.

25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. जळगाव-धुळ्यासारख्या ठिकाणी पुस्तकविक्रीचा खरा हंगाम जूनचा. पाठ्यपुस्तके, वह्या आणि मार्गदर्शिका यांच्या विक्रीवर दुकानाचे भाडे व नोकरांचे पगार निघतात. कथा-कवितेचे कपाट त्यांच्याच आधाराने उभे असते. त्या जूनमध्ये शाळांचे वर्ग भरले नाहीत आणि तो आधारच सुटला. तत्पूर्वी एप्रिलमध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक पुस्तकांच्या दुकानांना सवलत दिली होती. साहित्याचा त्यात उल्लेख नव्हता. आम्ही त्याबद्दल शासनाला दोष देत नाही. परीक्षेचे पुस्तक गरजेचे आणि कवितेचे चैनीचे, ही विभागणी आपल्या घरांतून फार पूर्वीच झाली आहे.

संकट टळले, तरी भार हलका झालेला नाही. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. परंतु कागद आणि शाई यांवर तो द्यावा लागतो, आणि पुस्तक करमुक्त असल्याने त्याची वजावट मिळत नाही. जुलै 2022 मध्ये छपाईच्या शाईवरील दर 12 वरून 18 टक्क्यांवर गेला. प्रकाशक मग हजारांची आवृत्ती पाचशेवर, तीनशेवर आणतो. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव तेवढ्याच ठळकपणे झळकते. नगावर मजुरी घेणाऱ्या बांधणी कामगाराची मात्र निम्म्याहून अधिक कमाई जाते.

यावर कोणी म्हणेल, की खिळे जुळवणारे जुळारी गेले ते संगणकामुळे, मंदीमुळे नव्हे. हे खरे आहे. पण यंत्र बदलते तेव्हा नवी विद्या शिकण्यास थोडा तरी अवधी मिळतो. मंदीत माणूस आज कामावर असतो आणि उद्या घरी बसतो.

पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 मध्ये 'लाबोरेम एक्सेर्सेन्स'मधून श्रमाला भांडवलाहून अग्रस्थान दिले. ही शिकवण गिरणीला लागू आणि ग्रंथाला नाही, असे कसे म्हणता येईल? आमचाही दोष येथे कबूल केला पाहिजे. परीक्षणे लिहिताना आम्ही आशय पाहिला, शैली पाहिली, किंमत जास्त म्हणून नाकही मुरडले. त्या किमतीत कोणाची मजुरी सामावली आहे, हे कधी पाहिले नाही.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली छापले गेले. त्या छापील प्रती काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला तो हस्तलिखितांमुळे, ज्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत अशा नकलनविसांच्या कष्टांमुळे.

तेव्हा येत्या नाताळात धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने एक तरी मराठी पुस्तक गावातल्या दुकानातून, सवलतीसाठी घासाघीस न करता विकत घ्यावे. ज्या संस्थांकडे पुस्तकांची देयके थकली असतील, त्यांनी ती आधी चुकती करावीत. मजुराचा मोबदला सूर्य मावळण्यापूर्वी द्यावा, अशी अनुवादाच्या ग्रंथातील आज्ञा आहे. तो ग्रंथदेखील कोणीतरी छापून, शिवून आपल्या हाती दिला आहे.