दग्ध दप्तर आणि खुलें दप्तर

१९१९ सालीं हर्बर्ट वुड नांवाच्या एका दप्तराधिकाऱ्यानें डब्लिन येथील सरकारी दप्तरखान्यांत काय काय ठेविलें आहे याची वाट दाखविणारा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत रसाळपणा नाहीं, कथानक नाहीं. अमुक न्यायालयाचीं बाडें, अमुक सालचीं मृत्युपत्रें, अमुक परगण्याच्या खानेसुमारीचे तक्ते, अशी पानोपान याद आहे. असा ग्रंथ कोणी वाचावयास घेत नाहीं. वाट विचारावयाची झाली म्हणजे तो उघडावयाचा आणि पुन्हां फळीवर ठेवावयाचा. परंतु तीनच वर्षांनीं, ३० जून १९२२ रोजीं, आयरिश यादवी युद्धाच्या आरंभींच, 'फोर कोर्ट्स' या न्यायमंदिराच्या आवारांतील तें दप्तर स्फोटांत व आगींत नष्ट झालें, आणि वाटाड्या म्हणून लिहिलेलें हें पुस्तक मृत्युलेख होऊन बसलें.

तेव्हांपासून आयर्लंडांत आपल्या पूर्वजांचा माग काढूं पाहणाऱ्याच्या कानीं पहिलें वाक्य पडतें तें हेंच, कीं 'सारें १९२२ सालीं जळालें.' आमच्या मतें हें वाक्य अर्धेंच खरें आहे. आणि जें अर्धें त्यांत येत नाहीं तेंच अधिक बोधप्रद आहे.

वंशवृत्ताचा शोध हा सुखवस्तु माणसांचा रिकामपणचा छंद होय, असें मानणाऱ्यांनीं प्रथम या देशाची स्थिति ध्यानीं घ्यावी. १८४५ ते १८५२ या वर्षांतील महादुष्काळांत तेथें सुमारें दहा लाख माणसें मरण पावलीं आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेलीं. आपल्याकडील कुलवृत्तांताच्या संपादकास घरांतील वडीलधारीं माणसें, कुलोपाध्याय, तीर्थोपाध्यायांच्या वह्या, असे अनेक आधार असतात. बटाट्याच्या शेतांतून उठून गलबतावर चढलेल्या त्या गरीब कुळाच्या पणतवंडांस मूळ गांवाचें नांवहि पुष्कळदां ठाऊक नसतें. शिवाय आजा किंवा आजी आयर्लंडांत जन्मलेली असल्यास नातवंडास तेथील नागरिकत्व मागतां येतें. म्हणजे एखाद्या जुन्या नोंदीवर जिवंत माणसाचा हक्कहि अवलंबून असतो.

आतां 'सारें जळालें' या वाक्याची परीक्षा करूं. १८२१, १८३१, १८४१ व १८५१ या चार खानेसुमाऱ्यांचे घरोघरचे तक्ते, थोडे तुकडे वगळतां, आगींत गेले हें खरें. परंतु १८६१ व १८७१ चे तक्ते आगीनें नेले नाहींत. ते सरकारच्याच हुकुमानें नष्ट करण्यांत आले. १८८१ व १८९१ च्या तक्त्यांचा पहिल्या महायुद्धाच्या काळांत, कागदाची टंचाई म्हणून, लगदा करण्यांत आला. चार खानेसुमाऱ्या आगीनें नेल्या आणि चार सरकारी शेऱ्यानें! आगीची आठवण सर्वांस आहे. शेऱ्याची कोणी काढीत नाहीं.

याच्या उलट, जें वांचलें तें कसें वांचलें? १९०९ च्या जानेवारीपासून सत्तर वर्षांच्या गरीब वृद्धांस सरकारी निवृत्तिवेतन मिळूं लागलें. आयर्लंडांत सर्व धर्मांच्या लोकांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ पासूनची. तेव्हां सत्तरीच्या शेतकऱ्यानें आपलें वय सिद्ध करावें तरी कसें? मग १८४१ किंवा १८५१ च्या तक्त्यांत हा म्हातारा आईबापांच्या घरीं पोर म्हणून नोंदलेला आहे कीं काय, हें पाहण्यासाठीं अर्ज येऊं लागले. कारकुनानें तक्ता काढावा, पाहावें, आणि सांपडलेली माहिती अर्जावर लिहावी. पुढें तक्ते जळाले, पण अर्ज राहिले. आज त्या घरांविषयीं जें थोडें कळतें तें कोणा वृद्धाला आठवड्याचे पांच शिलिंग हवे होते म्हणून कळतें.

हें एकच उदाहरण नव्हे. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखालीं झालेली जमिनींची व घरांची आकारणी १८४७ ते १८६४ या काळांत छापून निघाली, म्हणून गेलेल्या खानेसुमाऱ्यांच्या जागीं आज तिचा उपयोग होतो. आयर्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चचीं शेंकडों नोंदबुकें सुरक्षित राहावीं म्हणून त्याच दप्तरखान्यांत आणून ठेविलीं होतीं, तीं जळालीं. जीं गांवच्या पाद्र्याच्या कपाटांत पडून राहिलीं तीं आजहि आहेत. इकडे आपल्या मुंबई इलाख्यांतील देवळांत झालेल्या बाप्तिस्म्यांच्या, विवाहांच्या व दफनांच्या नोंदींच्या नकला लंडनला धाडल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररींत आहेत, आणि पुण्याच्या छावणींत वारलेल्या एखाद्या आयरिश शिपायाचा पत्ता त्याच्या वंशजांस तेथें लागूं शकतो. यावरून आम्ही असें म्हणतों, कीं जें दप्तर लोकांनीं वापरलें, उतरून घेतलें, छापलें, तें वांचलें. आणि जें जपण्याच्या हेतूनें एकाच ठिकाणीं कोंडलें तें एका ठिणगीच्या हातीं गेलें. दप्तर खुलें करणें आणि दप्तर राखणें हीं दोन कामें नसून एकच आहे.

हें तत्त्व आयर्लंडांत आतां कितपत मान्य झालें आहे? २०२२ च्या जून महिन्यांत, आगीस शंभर वर्षें होत असतांना, ट्रिनिटी कॉलेजाच्या पुढाकारानें एक नवा दप्तरखाना जगास खुला झाला. त्याला भिंती नाहींत. तो संगणकाच्या पडद्यावर दिसतो आणि कोणासहि विनामूल्य पाहतां येतो. त्याचा सांगाडा म्हणजे वुड यांचें तेंच रुक्ष पुस्तक. देशोदेशींच्या संग्रहांतून नकला व उतारे शोधून त्यांतील एकेक रिकामी फळी भरण्याचें काम चाललें आहे. या उद्योगाची स्तुति करावी तेवढी थोडीच. तथापि ज्याची नक्कल कधीं कोणी केलीच नाहीं तें यांतून परत येणार नाहीं. आणि नकला बहुधा मिळकत व सत्ता असलेल्यांच्या कागदांच्या होतात, ही गोष्ट वाचकांनीं विसरूं नये.

उरलेल्या कागदांच्या बाबतींत मात्र सरकारचें धोरण एकसूत्री दिसत नाहीं. १९०१ व १९११ च्या खानेसुमाऱ्या १९६१ सालींच अभ्यासकांस खुल्या झाल्या, आणि २००७ ते २०१० च्या दरम्यान राष्ट्रीय दप्तरखान्यानें त्या पानन् पान, नामसूचीसह, विनामूल्य घरोघर पोंचविल्या. असें असतां १९२६ च्या, म्हणजे स्वतंत्र राज्याच्या पहिल्याच, खानेसुमारीस १९९३ च्या कायद्यानें शंभर वर्षांचें कुलूप बसलें, आणि तें काढण्याचा दिवस १८ एप्रिल २०२६ हा ठरला. परकीय राजवटींतील तक्ता पन्नास वर्षांनीं पाहावा आणि स्वराज्यांतील तक्ता शंभर वर्षांनीं, यांतील न्याय आम्हांस उमगत नाहीं. त्या तक्त्यांत ज्यांचीं नांवें मुलें म्हणून आलीं त्यांच्यापैकीं बहुतेक ही वाट पाहतांपाहतांच गेले.

रोमन कॅथॉलिक नोंदबुकांचीहि अशीच कथा. देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत त्यांच्या चित्रफिती होत्या. पण कांहीं धर्मप्रांतांच्या फिती पाहण्यास पूर्वीं बिशपची अनुज्ञा लागे. २०१५ च्या जुलैंत ग्रंथालयानें सुमारें ३,७०,००० प्रतिमा सर्वांस विनामूल्य दिल्या. हें उत्तम झालें. परंतु त्याबरोबर नामसूची दिली नाहीं. जिल्ह्याजिल्ह्यांतील केंद्रांनीं परिश्रमपूर्वक केलेल्या सूची मुख्यतः वर्गणीदारांसाठीं आहेत. त्या श्रमांचें मोल मिळावें हें रास्तच. पण कपाट उघडें आणि किल्ल्यांचा जुडगा विकत, अशी स्थिति कायम राहूं नये. बेलफास्टकडे तर जन्ममृत्यूच्या प्रत्येक जुन्या नोंदीच्या दर्शनास घरबसल्या शुल्क पडतें. डब्लिनकडे पडत नाहीं. एकाच बेटावरील दोन भावंडांच्या दाखल्यांस दोन न्याय!

खुलेपणावर एक आक्षेप आहे, आणि तो पोकळ नाहीं. २०१४ च्या जुलैंत जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदींची सूची जगापुढें मांडली गेली, तींत हयात माणसांच्या जन्मतारखा व त्यांच्या आईचीं माहेरचीं आडनांवें दिसूं लागलीं. हीच माहिती ओळख पटविण्यासाठीं विचारली जाते; म्हणून खासगी माहितीच्या रक्षणासाठीं नेमलेल्या आयुक्तांनीं हरकत घेतली व ती सूची थोड्याच दिवसांत मागें घ्यावी लागली. पुढें शंभर वर्षांपलीकडील जन्म, पंचाहत्तर वर्षांपलीकडील विवाह आणि पन्नास वर्षांपलीकडील मृत्यू खुले राहावेत अशी मर्यादा घालण्यांत आली, व २०१६ पासून मूळ पानांच्या प्रतिमाहि विनामूल्य मिळूं लागल्या. आम्हांस ही तोड समंजस वाटते. जिवंतांची लाज राखावी. पण मेलेल्यांचें नांव झांकून कोणाची लाज राखली जाते, हा प्रश्न राहतोच.

त्या प्रश्नाचें उत्तर गॉलवे परगण्यांतील ट्युअम या गांवीं मिळालें. तेथें १९२५ ते १९६१ पर्यंत अविवाहित माता व त्यांचीं मुलें यांच्यासाठीं एक आश्रयगृह होतें. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक बाईंनीं तेथें मेलेल्या मुलांचे मृत्युदाखले पदरचें शुल्क भरून मागविले. ७९६ मुलांचीं नांवें मिळालीं. त्यांपैकीं बहुतेकांच्या दफनाची नोंद मात्र कोठेंच मिळेना. २०१४ सालीं ही गोष्ट जगापुढें आली. सरकारला चौकशी आयोग नेमणें भाग पडलें. २०१७ सालीं त्या जागीं अर्भकांचे अवशेष असल्याचें आयोगानें जाहीर केलें, आणि २०२५ सालीं उत्खननास आरंभ झाला. हें कोणत्या शस्त्रानें साधलें? मृत्यूचा दाखला शुल्क भरून कोणासहि मागतां येतो, एवढ्या एका साध्या नियमानें. ती वही कुलुपांत असती तर त्या मुलांचें अस्तित्व दुसऱ्यांदां पुरलें गेलें असतें.

म्हणून वंशवृत्त शोधणाऱ्यांच्या सोयीचा प्रश्न हा केवळ त्यांच्या सोयीचा नव्हे. नोंद ज्याची आहे त्याला, आणि तो नसेल तर त्याची आठवण ठेवूं इच्छिणाऱ्याला, ती पाहतां आली पाहिजे. आणि ती पाहणारे डोळे जितके अधिक तितकी ती अधिक काळ टिकेल. वुड यांनीं ग्रंथ लिहिला तेव्हां आपण काय वांचवीत आहों हें त्यांस ठाऊक नव्हतें. अर्ज खरडणाऱ्या त्या म्हाताऱ्यासहि नव्हतें. दोघांनींहि दप्तराचें दार उघडलें, एवढेंच. आणि आज तेथें जें उरलें आहे त्यांतील बरेंच त्या उघड्या दारांतूनच बाहेर आलेलें आहे.