ड्रॉइंगशिवाय घडलेला कॅन

जेटी८डी इंजिनाचा ज्वलनकक्ष म्हणजे पत्र्याचे नऊ लांबट कॅन, इंजिनाच्या पोटात गोलाकार बसवलेले. बोईंग ७२७, डीसी-९ आणि सुरुवातीची ७३७ विमानं याच इंजिनावर उडाली. इंजिन प्रॅट अँड व्हिटनीचं. त्याचा पर्यायी कॅन मात्र फ्लोरिडातल्या हायको कंपनीनं घडवला, आणि मला भुरळ घातली ती या दुसऱ्या कॅननं.

तो हातात घेऊन पाहावा. पुढची भोकं ज्वाळेला हवा देतात. मागची मोठी भोकं तप्त वायू टर्बाइनला सोसवेल इतका निववतात. पण खरी नजाकत सांध्यांतल्या बारीक फटींत आहे. त्यांतून शिरलेली हवा पत्र्याला आतून बिलगून वाहते. ज्वाळा दोन हजार अंशांच्या घरात आणि निकेलचा मिश्रधातू त्याच्या कितीतरी आधी वितळणारा. त्याला वाचवतो तो हवेचा हा पातळ पदर. एखादी फट चुकली की तिथला पत्रा तापतो, मग तडकतो.

मूळ ड्रॉइंग हाती नसताना हे सारं पुन्हा घडवणं म्हणजे नुसत्या मैफली ऐकून बंदिशीची स्वरलिपी लिहिणं. एक नमुना मोजून भागत नाही. अनेक मोजायचे, त्यांच्यातल्या किंचित फरकांवरून मूळ टॉलरन्स, म्हणजे मापातली मान्य सूट, ताडायचा, धातूचं पृथक्करण करायचं, आणि वापरून उतरवलेले कॅन कुठं थकतात तेही बघायचं. अमेरिकेची विमानवाहतूक नियामक संस्था एफएए अशा पार्टला पीएमए ही मंजुरी देते. तिच्या वाटा दोन. मूळ रचनेशी तंतोतंत साम्य दाखवा, नाहीतर चाचण्या आणि गणितानं पात्रता सिद्ध करा. मला दुसरी वाट थोर वाटते. साम्याच्या वाटेवर प्रत्येक भोक जसंच्या तसं राखलं की निभावतं. दुसऱ्या वाटेवर ते का आहे याचं उत्तर द्यावं लागतं.

ही चिकित्सा कुणाला अतिरेकी वाटेल. पण कॅन चुकला तर काय होतं ते पाहावं. २२ ऑगस्ट १९८५ला मँचेस्टरच्या धावपट्टीवर ब्रिटिश एअरटूर्सच्या ७३७च्या डाव्या जेटी८डी इंजिनातला एक कॅन तुटून बाहेर फेकला गेला आणि त्यानं पंखातल्या इंधनटाकीचं झाकण फोडलं. आगीत ५५ माणसं गेली. त्या कॅनच्या तड्यांवर आधी वेल्डिंग झालेलं होतं.

विमान कंपन्या पर्यायी पार्ट घेतात ते मुख्यतः स्वस्त पडतो म्हणून. माझ्या लेखी त्याची किंमत वेगळी आहे: तो दुसऱ्याच्या नावावर खपत नाही. त्याच्यावर एफएए-पीएमए ही अक्षरं आणि घडवणाऱ्याची स्वतःची खूण उमटवणं नियमानं बंधनकारक आहे.